पाकिटात न मावणारी बुरशी

‘जमिनीत आता काही उरलं नाही, मायकोरायझाचं एक पाकीट सोडा, काम झालं.’ कृषी सेवा केंद्रात हे ऐकू आलं नाही असा हंगाम जात नाही. आणि दर वेळी तेच सांगावं लागतं: मायकोरायझा हे एका बुरशीचं नावच नाही! ते मूळ आणि बुरशी यांच्या भागीदारीचं नाव आहे. पिकांच्या मुळांशी अशी भागीदारी करणाऱ्या बुरश्यांच्या तीनशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. ज्वारी, तूर, कांदा, हळद यांच्या मुळांत त्या कुणी न टाकताही येतात, आणि एकाच शेतात अनेक जाती नांदतात. काही दूरवर तंतू पसरवून स्फुरद आणि जस्त आणतात, तर काही मुळांच्या आतच दाट पसरून रोगकारक बुरशीला जागा देत नाहीत. पाकिटात यातल्या मोजक्याच असतात.

मग पाकीट निरुपयोगी का? तसंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये मक्याच्या 54 शेतांत अशी बुरशी टाकून पाहिली. 2023 साली ‘नेचर मायक्रोबायॉलॉजी’त निकाल आला: कुठे वाढ 40 टक्क्यांनी जास्त, कुठे 12 टक्क्यांनी कमी. फायदा मुख्यतः रोगकारक बुरश्या जास्त असलेल्या मातीत दिसला. म्हणजे शेत बदललं की उत्तर बदलतं.

शेतात या बुरश्यांची विविधता घटते, हे मात्र खरं. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या जंगलातली आणि नांगरटीच्या शेतांतली मुळं तपासून 1998 साली ‘नेचर’मध्ये लिहिलं गेलं की शेतात प्रकार फारच कमी, त्यातही एकाचाच वरचष्मा. वारंवार रोटाव्हेटर मारला की तंतूंचं जाळं तुटतं. डीएपीसारखं स्फुरदाचं खत भरमसाट टाकलं की पीक या भागीदाराला पोसणं कमी करतं. रान फार काळ उघडं पडलं की जगायला मूळच मिळत नाही. जिवंत मुळाशिवाय ही बुरशी वाढत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ट्रायकोडर्मा म्हणजे मायकोरायझा नव्हे. मायकोरायझाची बुरशी हवेतला नत्र स्थिर करत नाही, ते रायझोबियम जिवाणूंचं काम. शेणखतावरचे पांढरे धागे म्हणजे ही बुरशी नव्हे. मुळातली बुरशी पाहायला मूळ रंगवून सूक्ष्मदर्शक लागतो. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, बीट या पिकांशी तिचं जमत नाही, तिथे पैसे घालू नका.

इतर पिकांत पाकीट वापरायचंच असेल, तर चार सऱ्या त्याविना ठेवा आणि काढणीला दोन्हीकडचं वजन करून पाहा.