इंजिनाच्या पुढे बसलेला माणूस

मी फ्लोरिडातल्या ओकालाला गेलो ते एका पायासाठी. वेगाचं मला फारसं वेड नाही. पण 8 मार्च 1970 रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्झची गाडी सुटतानाच तिचा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. तुकडा लागून प्रेक्षकांतला एक मुलगाही गंभीर जखमी झाला. एवढं होऊन हा गडी पुन्हा गाडीत बसला कसा, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

तिथल्या त्याच्या संग्रहालयात ‘स्वॉम्प रॅट’ नावाच्या काळ्या गाड्या ओळीनं उभ्या आहेत. शर्यत साधी: दोन गाड्या, सरळ रस्ता, पाव मैल. 1964 साली याच माणसानं न्यू जर्सीत ताशी 201.34 मैलांची नोंद केली. हे आकडे भिंतीवर वाचून मी पुढे सरकलो.

थबकलो ते जुन्या पद्धतीच्या ‘स्लिंगशॉट’पाशी. वाकून आत पाहिलं आणि पोटात गोळा आला. इंजिन पुढे, चालक मागच्या चाकांच्याही मागे. दोन्ही पाय डिफरन्शियलच्या दोन बाजूंनी फाकवून पुढे घालायचे, म्हणजे पावलं थेट क्लच-गिअरबॉक्सच्या शेजारी. फुटलं तर आधी पाय जाणार. इंजिन पेटलं तर ज्वाळा तोंडावर. 1959 साली साउथ कॅरोलिनात गार्लिट्झचे हात असेच भाजले होते. तरीही वर्षानुवर्षं सगळे असेच बसत राहिले, कारण जिंकणारेही असेच बसत होते. याला मी शौर्य म्हणणार नाही.

इस्पितळात पडल्यापडल्या गार्लिट्झनं ठरवलं, इंजिन पाठीमागे न्यायचं. कल्पना नवी नव्हती. आधीच्यांच्या बहुतेक गाड्या धड सरळ धावल्या नव्हत्या. त्याचीही धावेना. वेग वाढला की ती भरकटायची.

“दहाला एक,” शेजारी उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. सगळी गोम स्टिअरिंगमध्ये होती. स्टिअरिंग किती फिरवलं की पुढची चाकं किती वळतात, याचं आधीचं प्रमाण होतं साधारण सहाला एक. चालक पुढे आल्यावर गाडीची हालचाल त्याला वेगळी जाणवू लागली, तो गरजेपेक्षा जास्त स्टिअरिंग फिरवू लागला. गार्लिट्झचा सहकारी कॉनी स्विंगल यानं सुचवलं, स्टिअरिंग मंद करा. दहाला एक केलं आणि गाडी सुतासारखी सरळ गेली.

1971 च्या सुरुवातीला त्याच गाडीतून गार्लिट्झनं पोमोनाची विंटरनॅशनल्स शर्यत जिंकली. पुढच्या दोन-तीन वर्षांत टॉप फ्युएल या गटातून स्लिंगशॉट जवळपास हद्दपार झाले. अपघातांचे अहवाल वाचून बाकी कुणी गाडी बदलली नव्हती. हरायला लागल्यावर सगळ्यांनी मुकाट्यानं बदलली.

बाहेर त्याला ‘बिग डॅडी’ म्हणतात. 2014 साली, वयाच्या 82 व्या वर्षी, त्यानं विजेवरच्या गाडीतून ताशी 184 मैल गाठले, त्याचंही कौतुक होतं. होऊ दे. मला विचाराल तर 201.34 आणि 184 हे आकडे भिंतीवरच शोभतात. किती पायांचं रक्षण झालं हे मोजायचं असेल, तर आकडा एकच: दहाला एक. आणि त्या हिशेबात स्विंगलचं नाव गार्लिट्झच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहायला हवं.