वाकल्याशिवाय रोवणी नाही



मायबापहो, आपण गोंदिया जिल्ह्यातली माणसं. धान आपल्याला शिकवावं लागत नाही. पाऊस लागला की बांधीत चिखल होतो आणि रोवणी सुरू होते. आता मला सांगा, ताठ उभं राहून कोणाला रोप लावता आलं आहे का? घरची मालकीण असो की रोजानं आलेली बाई, कंबर वाकवावीच लागते. पण ती वाकली म्हणून हरली, असं कोणी म्हणत नाही. त्या वाकण्यातूनच पुढे घरात धान येतं. देवाची सत्ता मान्य करणं म्हणजे असं वाकणं आहे. ती हार नव्हे.

शुभवर्तमानात कफर्णहूमच्या शताधिपतीची गोष्ट आहे. हा रोमी सरकारचा अंमलदार. शंभर शिपाई त्याच्या हुकमात. त्याचा चाकर आजारी पडला, तेव्हा त्याने प्रभूला निरोप काय दिला? माझ्या घरी येण्याचे कष्टसुद्धा घेऊ नका, तेवढी माझी योग्यता नाही; नुसता शब्द बोला. राज्य करणारा माणूस, ज्या देशावर राज्य करतो तिथल्या एका सुताराच्या मुलापुढे नम्र झाला! कारण तो स्वतः कोणाच्या तरी हुकमाखाली उभा होता. हुकूम म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच प्रभूची सत्ता त्याला ओळखता आली.

पण श्रोतेहो, नुसतं हुकूम पाळणं पुरेसं आहे का? दहा कुष्ठरोगी आठवा. याजकांकडे जा, असं प्रभूने सांगितलं आणि दहाही जण निघाले. आज्ञा दहाजणांनी पाळली, बरेही दहाजण झाले. उपकार मानायला मागे फिरला तो एकच, आणि तो शोमरोनी, परका. बाकीचे नऊ काही बंडखोर नव्हते. ते आज्ञाधारकच होते. तरी प्रभूने त्यांची विचारपूस केली. उपकाराची जाणीव नसेल, तर आज्ञापालन म्हणजे नुसती चाकरी होते. जाणीव असेल, तर तेच लेकरपण होतं.

आता उत्तररंगाकडे वळू. ही हकिकत आपल्याच रेल्वेमार्गावरची आहे. 1893 साली कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी आपल्या गोंदियावरूनच जाते. त्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळक मोठे बुद्धिमान, तितकेच तापट. कोणी सांगितलं म्हणून मान तुकवणारे नव्हेत. पण वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरलं, ते सोडलंच नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

जमाव नाही, दंडुका नाही. पुस्तकातला शब्द आणि एका माणसाचं मन. देवाची सत्ता अशी येते.

मात्र इथे एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. या निर्णयाची किंमत एकट्या टिळकांनी दिली नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कितीतरी वर्षं वेगळ्या राहिल्या, रडल्या, झुरल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचा, त्यात त्यांनी काही लपवलेलं नाही. ‘देवाची इच्छा, सहन कर’ असं त्यांना सुनावणं सोपं होतं. पण मायबापहो, देवाची सत्ता मी माझ्यावर मान्य करायची असते. दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची नसते. सोवळं-ओवळं कडक पाळणाऱ्या त्या बाईला एके दिवशी स्वतःलाच उमगलं, की देवाने माणूस केला, जाती केल्या नाहीत. मग त्यांनी कोणाच्याही हातचं पाणी घ्यायला सुरुवात केली. 1900 साली त्या स्वतःच्या पायांनी बाप्तिस्म्याला आल्या. हे वाकणं त्यांचं स्वतःचं होतं.

आणि टिळक? त्यांना अजून वाकायचं होतं. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. पाहा, संस्थानिकाच्या पदरी नोकरीला निघालेला माणूस शेवटी कोणाच्या दरबारात जाऊन बसला! 9 मे 1919 रोजी ते प्रभूकडे गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. जिने सर्वांत जास्त सोसलं, तिच्याच हातून स्तुतीचं काम पुरं झालं. मागे फिरून उपकार मानणं याहून वेगळं काय असतं?

आपल्याकडे एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, कापलेलं धान भिजतं, घरातलं माणूस जातं. तेव्हा लगेच ‘धन्यवाद’ तोंडातून निघणार नाही. गेथशेमाने बागेत प्रभूही आधी रडलाच. दुःखाचा प्याला टळावा म्हणून त्याने विनवणी केली आणि मगच स्वतःला बापाच्या हाती दिलं. तेव्हा रडा, देवाला विचारा, पण त्याचा हात सोडू नका.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. देवापाशी काही मागण्याआधी, त्याने न मागता दिलेली एक गोष्ट आठवा आणि त्या दहाव्या माणसासारखे मागे फिरा.

प्रभू आपणां सर्वांना नम्र आणि कृतज्ञ मन देवो. आमेन.