विणकामाची कृति आणि ती लिहिण्याची कला

थंडीचे दिवस जवळ आले म्हणजे घरोघरीं लोकरीचे गुंडे व सुया बाहेर निघतात, आणि ओसरीवर किंवा खिडकीशीं बसून मायलेकी विणूं लागतात. कोणाचें काम नजरेंत भरलें कीं, "ही वीण कशी घातलीत, आम्हांला शिकवा ना," अशी विनंति हटकून होते. जवळ बसून हातानें दाखविणें सोपें आहे. परंतु तीच गोष्ट कागदावर उतरवून, जिला आपण कधीं पाहिलें नाहीं अशा बाईकडून तोच स्वेटर बिनचूक विणवून घेणें, हें फार अवघड काम आहे. विणकामाच्या कृतींचें पुस्तक कसें तयार होतें आणि तें लिहिणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हें आमच्या वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही विद्या पुष्कळ काळ हातोहात चालत आली. ती लिहून ठेवण्याची चाल त्या मानानें अलीकडची आहे. लंडन येथें इ. स. १६५५ सालीं छापलेल्या औषधांच्या व घरगुती कृतींच्या एका इंग्रजी पुस्तकांत मोजे विणण्याची कृति आढळते. पुढें १८४० सालीं एडिंबरो येथील जेन गोगेन या बाईंनीं विणकामाचें पुस्तक प्रसिद्ध केलें व टाक्यांचे प्रकार दाखविण्यासाठीं अक्षरांच्या खुणा योजिल्या. लांबलचक वाक्यांच्या जागीं थोडक्या खुणा आल्या आणि त्यामुळें एका पानावर सबंध वस्त्र मावूं लागलें.

नवें वस्त्र योजतांना आरंभ मापानें करावा लागतो. जी लोकर व ज्या सुया वापरावयाच्या, त्यांनींच सुमारें ६ इंच लांबरुंद असा नमुन्याचा तुकडा प्रथम विणावा, तो धुवून सपाट वाळवावा, आणि मग मधल्या ४ इंचांत किती टाके व किती ओळी बसतात तें मोजावें. समजा, ४ इंचांत २० टाके बसले, म्हणजे एका इंचास ५ टाके झाले. ज्या मुलाची छाती ३० इंच आहे, त्यास सैलपणासाठीं २ इंच अधिक धरल्यास स्वेटरचा घेर ३२ इंच होतो, व टाके १६० येतात. आतां विणणारीचा हात सैल असून तिचे एका इंचास साडेचारच टाके बसत असतील, तर त्याच १६० टाक्यांचा घेर साडेपस्तीस इंचांहून किंचित् अधिक होईल! अर्ध्या टाक्याच्या फरकानें सबंध स्वेटर साडेतीन इंच वाढला. म्हणून नमुन्याचें माप कृतीच्या अगदीं आरंभीं छापणें हें लेखकाचें पहिलें कर्तव्य, आणि तो तुकडा विणून पाहणें हें वाचकाचें.

या हिशेबाला सुटसुटीत रूप देणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांचें नांव येथें घेतलें पाहिजे. त्या इंग्लंडांत १९१० सालीं जन्मल्या व पुढें अमेरिकेंत विस्कॉन्सिन प्रांतीं राहिल्या. एका नियतकालिकानें त्यांच्या स्वेटरची गोल विणण्याची कृति बदलून, सपाट तुकडे विणण्याच्या रीतीनें छापली. आपले शब्द आपल्याच रीतीनें वाचकांस मिळावे म्हणून त्यांनीं १९५८ सालीं स्वतःचें पत्रक सुरू केलें. त्यांचें प्रसिद्ध पुस्तक १९७१ सालीं निघालें. १९९९ सालीं त्या निवर्तल्या. अंगाच्या घेराचे टाके शंभर मानून बाकीचे भाग शेंकड्यांनीं काढावे, ही त्यांची पद्धति होय. मनगटास शेंकडा २०, बाहीच्या वरच्या भागास सुमारें ३३ आणि गळ्यास ४०. आमच्या उदाहरणांतील १६० टाक्यांवरून मनगटास ३२, बाहीस ५३ व गळ्यास ६४ टाके येतात. आमच्या विद्यार्थ्यांस शेंकडेवारीचा याहून उबदार उपयोग क्वचितच सांपडेल.

तथापि आंधळेपणानें चालविलेला हिशेब फसवितो. मूल वाढतें तें सर्वांगीं सारख्या प्रमाणांत वाढत नाहीं. वर्षाच्या बालकाच्या डोक्याचा घेर त्याच्या छातीच्या घेराएवढाच जवळजवळ असतो. मोठ्या माणसाचा गळा तेवढ्याच प्रमाणांत लहान करून बाळास दिला, तर स्वेटर डोक्यांतून शिरणारच नाहीं. तेथें खांद्यावर उघडी फट ठेवून गुंड्या लावाव्या लागतात. तसेंच वीण ६ टाक्यांची असेल तर १६० ला ६ नें निःशेष भाग जात नाहीं. तेव्हां १६२ टाके घ्यावे लागतात. यासाठीं पुस्तकांत जितकीं मापें दिलीं असतील, तितक्या वेळां सर्व हिशेब नव्यानें करून पाहावा लागतो.

आतां भाषेकडे वळूं. "मुंढ्यासाठीं दोन्ही बाजूंस टाके कमी करावे," हें वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण विणणारीच्या काय उपयोगाचें? किती टाके, कोणत्या ओळींत, किती वेळां? त्याऐवजीं असें लिहावें: "सुईवर ८० टाके आहेत. पुढील दोन ओळींच्या आरंभीं ४-४ टाके बंद करावे, ७२ राहतील. नंतर एक ओळ सोडून एक, अशा चार ओळींत दोन्ही कडांस एक एक टाका कमी करावा, ६४ राहतील." उरलेल्या टाक्यांची संख्या वाचली म्हणजे विणणारीस आपलें काम तेथल्या तेथें तपासतां येतें, चूक झालीच तर चार ओळी उसवून भागतें, सबंध पाठ उसवावी लागत नाहीं.

सुलट टाक्यास "सु." व उलट टाक्यास "उ." अशी खूण ठरविली, तर तिचा अर्थ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच असावा. चौकटींचा आराखडा दिल्यास एक चौकट म्हणजे एक टाका हें सांगावें. आणि समोरची ओळ उजवीकडून डावीकडे व परतीची डावीकडून उजवीकडे वाचावयाची, हेंही सांगावें. साधा सुलट टाका उंचीपेक्षां रुंदीला अधिक असतो. म्हणून समचौकोनी चौकटींवर काढलेलें गोल फूल विणल्यावर चपटें दिसतें. सुयांचा नुसता क्रमांक देणेंही पुरेसें नाहीं. जुन्या ब्रिटिश मोजणींत ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची, तर अमेरिकन मोजणींत ८ नंबरची ५ मिलिमीटर जाडीची असते. शिवाय ब्रिटिश क्रमांक वाढेल तशी सुई बारीक होते, आणि अमेरिकन क्रमांक वाढेल तशी जाड. जाडी मिलिमीटरांत लिहिली म्हणजे घोटाळा उरत नाहीं.

लिहून झालें म्हणजे पुस्तक झालें असें नव्हे. प्रत्येक कृति अशा व्यक्तीच्या हातीं द्यावी कीं, जिनें तें वस्त्र पाहिलेलें नाहीं. लेखकानें जवळ बसावें, पण बोलूं नये. तिचा हात जेथें थबकेल तेथें खूण करावी. दोष बहुधा लिहिण्यांत असतो, तिच्या बुद्धींत नव्हे. सराईत हात चुकीची सूचनाही मनांत दुरुस्त करून पुढें जातो, म्हणून परीक्षेस एक नवशिकी अवश्य असावी.

कृतीबरोबर लोकर किती लागेल हें वजनानें सांगावें, व सर्व लोकर एकाच वेळीं रंगविलेल्या गुंड्यांची घ्यावी असा इशारा द्यावा. मागाहून आणलेल्या गुंड्याची छटा बहुधा वेगळी निघते आणि पाठीवर पट्टा दिसतो. या गोष्टी क्षुल्लक वाटतील. परंतु एखादी आई घरखर्चांतून चार पैसे बाजूला काढून लोकर आणते, दिवसाचीं कामें उरकून रात्रीं विणते, आणि पुस्तकांतील एका चुकलेल्या आंकड्यापायीं तिच्या महिन्याभराच्या रात्री वायां जातात. तिला लेखकाचा पत्ता ठाऊक नसतो. बहुधा ती स्वतःलाच दोष देते आणि सुया कायमच्या बाजूला ठेवते. छापलेल्या आंकड्याची किंमत ही अशी दुसऱ्याला मोजावी लागते.

आमच्या विद्यार्थिनींनीं, आणि हौस असेल त्या विद्यार्थ्यांनींही, येत्या सुटींत एक लहानशी कानटोपी योजून पाहावी, तिची कृति वहींत लिहावी व ती शेजारच्या घरीं विणावयास द्यावी. पालकांनीं त्यासाठीं एक गुंडा लोकर व दोन सुया अवश्य द्याव्या. परत आलेल्या टोपीवर मोजपट्टी ठेवली म्हणजे आपण काय लिहिलें होतें, तें मुलांस न सांगतां कळेल.