टेकडीला म्हटलेला डोंगर

कराची, लाहोर किंवा इस्लामाबादच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकलेली आणि घरीही बहुतांशी इंग्रजीच बोलणारी तरुण मुले, तसेच ब्रॅडफर्ड आणि बर्मिंगहॅमसारख्या ब्रिटिश शहरांत वाढलेली पाकिस्तानी वंशाची मुले, यांच्या तोंडून उर्दूविषयी एक वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या निर्धास्तपणे ऐकू येते की त्याला आता सिद्धांताचा मान मिळाला आहे. उर्दू कळते, बोलता येते, अडते ते फक्त लिपीपाशी, असे ते वाक्य. त्यात दोन विधाने आहेत, एक बोलता येण्याचे आणि दुसरे लिपी अवघड असल्याचे. तपासून पाहिली तर दोन्ही बहुतांशी चुकीची ठरतात. तरीही पालक, शिकवणीचे मास्तर आणि भाषा शिकवणारी मोबाइल अ‍ॅप्स हे सारे ती जशीच्या तशी स्वीकारतात, आणि सहा महिने अक्षरे गिरवूनही मुलाला वर्तमानपत्रातला एक परिच्छेद धड वाचता येत नाही तेव्हा दोष पुन्हा लिपीच्याच माथी मारला जातो.

उर्दूची अक्षरे किती, याची मोजणी कोशकारांगणिक बदलते, पण ती चाळिसाच्या पुढे सहसा जात नाही, आणि त्यामागचे मूळ आकार तर विसाच्या आतबाहेरच आहेत. बे, पे, ते, टे आणि से या पाच अक्षरांचा सांगाडा एकच, उथळ होडीसारखा. होडीखाली एक नुक्ता, म्हणजे टिंब, दिला की बे होतो, तीन दिले की पे, वर दोन दिले की ते, वर तीन दिले की से, आणि नुक्त्यांऐवजी वर तोय या अक्षराची छोटीशी आकृती काढली की टे. जीम, चे, बडी हे आणि खे यांचे कुटुंबही असेच, पोट सर्वांचे सारखे आणि फरक केवळ टिंबांचा. शब्दाच्या मध्ये आल्यावर होडी आक्रसून तिचा एक दात उरतो, ज्याला उर्दूत शोशा म्हणतात, आणि अलिफ, दाल, रे, वाव यांसारखी नऊ अक्षरे पुढच्या अक्षराशी हात मिळवत नाहीत, एवढे नियम ध्यानात ठेवले की जोडाक्षरांचे बरेचसे गूढ उकलते. नस्तालीक, म्हणजे उजवीकडून डावीकडे खाली उतरत जाणारी आणि अक्षरांवर अक्षरे रचणारी उर्दूची लाडकी लेखनशैली, डोळ्याला सरावाची मागणी करते हे खरे. पण ती जड जाते ती प्रामुख्याने यंत्राला. १९८१ साली अहमद मिर्झा जमील यांच्या नूरी नस्तालीकने हजारो जोडाकृती संगणकात उतरवल्या, तोवर उर्दू दैनिकांचे मजकूर कातिब म्हणजे लेखनिक हाताने लिहीत असत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने रोज तासभर दिला तर ही अक्षरे ओळखणे हे दोन-तीन महिन्यांचे काम आहे.

यावर ठरलेला आक्षेप असा की एका ध्वनीसाठी चार-चार अक्षरे असणारी लिपी शिकायची तरी कशी. जमीन, जरूर, नजर आणि जरा हे चारही शब्द मराठीत रुळलेले आहेत आणि मराठी माणूस ते एकाच ‘ज’ने लिहून मोकळा होतो, उर्दूत मात्र जमीन झे या अक्षराने, जरूर झ्वादने, नजर झोयने आणि जरा झालने लिहिले जाते, कारण अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांचे मूळ हिज्जे उर्दूने राखले आणि त्यामागचे उच्चारभेद सोडून दिले. परंतु ही अडचण लिहिणाऱ्याची आहे, वाचणाऱ्याची नाही, कारण वाचताना चारही अक्षरांचा उच्चार एकच, ‘गझल’मधल्या ‘झ’सारखा, करायचा असतो. इम्ला, म्हणजे शुद्धलेखन, हा उर्दू शाळांतील मुलांनाही घाम फोडणारा विषय आहे. ‘बिल्कुल’मध्ये न वाचला जाणारा अलिफ आणि ‘ख्वाब’मध्ये न वाचला जाणारा वाव असतो, ही तक्रारही रास्तच, पण ज्या मुलाने इंग्रजीत ‘नाइट’ लिहिताना आरंभीचा मूक ‘के’ आणि मधले मूक ‘जी’ व ‘एच’ सहाव्या-सातव्या वर्षी बिनतक्रार पाठ केले, त्याने ती करावी हे जरा अतीच होते.

खरा पेच स्वरांचा आहे, आणि तोच या गैरसमजाची उलटतपासणी करतो. उर्दूत दीर्घ स्वरांसाठी अक्षरे आहेत, ऱ्हस्व स्वरांसाठी झबर, झेर आणि पेश ही अक्षरांच्या वरखाली द्यायची चिन्हे आहेत, आणि ही चिन्हे बालपुस्तकांबाहेर क्वचितच छापली जातात. त्यामुळे ‘इस’ आणि ‘उस’, म्हणजे ‘या’ आणि ‘त्या’, हे दोन्ही शब्द छापील मजकुरात अलिफ आणि सीन या त्याच दोन अक्षरांनी लिहिलेले दिसतात. ‘मैं’ आणि ‘में’, म्हणजे ‘मी’ आणि ‘-मध्ये’, यांचीही तीच गत. उर्दू वाचणारा येथे अडखळत नाही, कारण वाक्य पुढे कोठे चालले आहे हे त्याला डोळ्यांच्या आधी ठाऊक असते. यात उर्दूचे काही विशेष नाही. मराठीत ‘पाण्याचा जग’ आणि ‘सारे जग’ या दोन ठिकाणी ‘जग’ हा शब्द अगदी एकसारखा लिहिला जातो आणि दोन वेगळ्या ‘ज’नी उच्चारला जातो, मोडी लिपीत तर इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेदही नव्हता, आणि तरीही शतकानुशतके दप्तरे लिहिली आणि वाचली गेली, कारण वाचणाऱ्याला शब्द आधीच येत होते. न लिहिलेला स्वर भरून काढायचा तो भाषेच्या जाणकारीने. ती नसेल तर अक्षर न् अक्षर ओळखूनही शब्द मुका राहतो, आणि मुलाला वाटते की लिपी कच्ची राहिली.

एवढ्यानेही शंका फिटत नसेल, तर अमेरिकी परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट ही संस्था इंग्रजीभाषक प्रौढ अधिकाऱ्यांना भाषा शिकवताना जे वेळापत्रक आखते ते पाहावे. तिच्या वर्गीकरणात हिंदी आणि उर्दू एकाच गटात आहेत आणि दोहोंसाठी सुमारे ४४ आठवडे, म्हणजे अंदाजे ११०० तासांचे वर्ग, धरलेले आहेत. एक भाषा देवनागरीत, दुसरी अरबी-फारसी वळणाच्या लिपीत, पण वेळ तोच. उलट अरबीसाठी, जिची लिपी उर्दूच्या लिपीची आईच म्हणावी, ८८ आठवडे लागतात. लिपी हाच डोंगर असता तर उर्दू हिंदीपासून फुटून अरबीच्या शेजारी जाऊन बसली असती. दुसरा पुरावा ब्रिटनमधील शेकडो मशिदींत रोज संध्याकाळी मिळतो. तेथे पाकिस्तानी वंशाची मुले आठ-दहा वर्षांची होईतो कायदा, म्हणजे अक्षरओळखीचे पुस्तक, संपवून नाझिरा, म्हणजे अर्थ न शिकता कुराणाचे शुद्ध वाचन, करू लागतात. उर्दूची बहुतेक अक्षरे त्यांना येतात, पे, टे, चे, गाफ यांसारख्या मूठभर अक्षरांची भर तेवढी घालायची उरते, आणि तरी त्यांतील बहुसंख्य मुलांना उर्दू वर्तमानपत्र वाचता येत नाही. ज्यांना लिपी येते त्यांनाही जर भाषा येत नाही, तर अडचण लिपीत शोधत राहण्याला काय म्हणावे?

आता ‘बोलता येते’ या अर्ध्या विधानाकडे. घरात कानावर पडलेली पण शाळेत न शिकलेली भाषा पुढे औपचारिकपणे शिकणाऱ्याला भाषा-अध्यापनात वारसाभाषेचा विद्यार्थी म्हणतात, आणि त्याचे ज्ञान एका विशिष्ट आकाराचे असते: ऐकून कळते पुष्कळ, बोलून निघते थोडे, आणि निघते तेही स्वयंपाकघर व जेवणाच्या मेजाभोवतीचे. अशा मुलाने आयुष्यभर ‘इधर आओ’, ‘खाना खा लो’ ही त्याला उद्देशून केलेली फर्माने ऐकलेली असतात, म्हणून आजीशी बोलतानाही त्याच्या तोंडून ‘आप आइए’ऐवजी ‘तुम आओ’ निघते आणि खोलीत क्षणभर शांतता पसरते. किताब स्त्रीलिंगी हे ठाऊक नसल्याने ‘मेरा किताब’ होते, आणि भूतकाळात ‘मैंने’ की ‘मैं’ या प्रश्नावर गाडी इंग्रजीच्या रुळावर जाते. जेवण, कपडे, रागावणे आणि लाड यांच्या पलीकडचा शब्दसंग्रह, म्हणजे निवडणूक, कर्ज, साक्ष, दुष्काळ, करार, त्याच्याकडे केवळ इंग्रजीत असतो. कराचीत अशा मुलांना चेष्टेने ‘बर्गर’ म्हणतात, आणि ही टिंगल त्यांना उर्दूपासून आणखी दूर नेते, कारण हसू होण्यापेक्षा गप्प राहणे केव्हाही सोपे. केंब्रिजच्या ओ लेव्हल परीक्षेत उर्दूच्या ‘प्रथम भाषा’ आणि ‘द्वितीय भाषा’ अशा दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका आहेत आणि पाकिस्तानातल्याच असंख्य मुलांना त्यांतली दुसरी निवडावी लागते. एवढी एक गोष्ट बोलता येण्याचा दावा खोडायला पुरेशी आहे.

लिपीलाच शत्रू मानल्यावर जो उपाय सुचतो तो म्हणजे रोमन उर्दू, आणि या उपायाची किंमत कोणी सांगत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानी लष्कराने रोमन लिपी शिपायांच्या हिंदुस्थानीसाठी वापरली होती आणि आज मोबाइलवरील संदेशांत तिचे राज्य आहे, त्यात वावगे काही नाही. पण शिकणाऱ्यासाठी ती आंधळी वाट आहे. रोमनमध्ये ‘डी-ए-एल’ ही तीन अक्षरे वरण-भातातली दाल, झाडाची डाल आणि राजकीय दल या तिन्हींसाठी चालतात. ज्या मुलाच्या कानाला इंग्रजीमुळे त आणि ट, द आणि ड यांतला फरक आधीच धूसर ऐकू येतो, त्याच्या हाती नेमकी तो फरक पुसणारी लिपी द्यायची आणि नंतर उच्चारांना हसायचे, असा हा प्रकार आहे. उर्दूच्या लिपीत ते आणि टे ही दोन अक्षरे पानावर वेगळी दिसतात, आणि डोळ्याने दाखवलेला भेद कान हळूहळू पकडतो.

उरलेल्या गैरसमजांना फार जागा देण्याचे कारण नाही. उर्दू ही पाकिस्तान्यांची मातृभाषा, ही समजूत तेथील जनगणनाच खोडून काढते: २०१७ मध्ये उर्दू मातृभाषा नोंदवणारे सुमारे ७ टक्के होते, आणि ब्रिटनमधील मीरपुरी घरांत मुलांच्या कानावर पडते ती मुख्यतः पहाडी-पोठवारी, जिला शाळेच्या अर्जात सरसकट उर्दू लिहिले जाते. भारतात मात्र २०११ च्या जनगणनेत उर्दूभाषक पाच कोटींहून अधिक होते, त्यांतले सुमारे ७५ लाख एकट्या महाराष्ट्रात. उर्दू मुसलमानांचीच, असे म्हणणाऱ्याने प्रेमचंद, कृष्ण चंदर, राजिंदरसिंग बेदी आणि फिराक गोरखपुरी ही नावे एकदा वाचावीत. दोन भाषांनी लहान मूल गोंधळते, ही भीती निराधार आहे. दोन भाषांतले शब्द ते मिसळते, आणि तसे तर मोठेही मिसळतात. बाराव्या वर्षानंतर भाषा येत नाही, हे विधान उच्चारांपुरते थोडेफार खरे आहे, पण कॅथरीन स्नो आणि मारियान हूफ्नागेल-होले यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांपैकी सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने पुढे गेले ते १२ ते १५ वर्षांचे होते, लहान पोरे नव्हे.

आणि निदान आकडे तरी सगळ्यांनाच येतात, हा समज राहिला. उर्दू मजकूर उजवीकडून चालत असला तरी आकडे डावीकडूनच लिहिले जातात, म्हणजे तेथेही लिपीची काही आडकाठी नाही. तरी लाहोरमधल्या भाजीवाल्याने ‘उनासी’ म्हटले तर किंमत ७९ की ८९, हे इंग्रजीत वाढलेल्या पदवीधराला सांगता येत नाही, कारण ८९ साठी ‘नवासी’ असा त्याचाच जुळा भाऊ तयार असतो. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांच्यात हरवलेल्या पुण्या-मुंबईच्या मुलांना हे समजावून सांगावे लागणार नाही. तो पदवीधर मग मोबाइल पुढे करतो आणि भाजीवाला त्यावर इंग्रजी आकडे टाइप करून देतो.