पुढची गाडी अर्ध्या तासाने

झ्युरिक, सप्टेंबर

रविवारी बर्नला जाऊन येतोय म्हटल्यावर सांगलीहून आईचा पहिला प्रश्न, ‘रिझर्वेशन मिळालं का?’ चार वर्षांच्या नातीला घेऊन रेल्वेचा प्रवास म्हणजे तिच्या डोळ्यांपुढे रेटारेटी, सामान आणि मांडीवर पेंगणारं पोर. इथे देशातल्या देशात जायला आरक्षण लागत नाही. साधं तिकीट काढा, दिवसभरात हव्या त्या गाडीत बसा. सहा वर्षांखालची मुलं फुकट. सहा ते सोळा वयाच्या मुलाचं ३० फ्रँकचं कार्ड काढलं, की आईवडिलांबरोबर तेही वर्षभर फुकट.

फलाटावर लेक घड्याळाखाली खिळून उभी राहिली. हान्स हिल्फिकर या अभियंत्याने १९४४ साली आखलेलं हे घड्याळ देशभरातल्या स्टेशनांवर आहे. लाल सेकंदकाटा नंतर आला. त्याच्या टोकाची गोल टिकली म्हणजे गाडीला निघण्याचा इशारा देणाऱ्याच्या हातातली थाळी. हा काटा साठ सेकंदांच्या जरा आधीच फेरी संपवतो, बारावर येऊन थबकतो, आणि मग मिनिटकाटा टुणकन पुढे सरकतो. ‘थांबला... गेला!’ लेकीचं चालू होतं. ९.३२ची गाडी येईपर्यंत आम्ही पाच मिनिटं मोजली.

मुलांचा खेळायचा डबा दुमजली गाडीच्या वरच्या मजल्यावर असतो. बाबागाडी खाली ठेवायची. ती चढवताना एका आजोबांनी न विचारता पुढची चाकं उचलली. वर जंगलाची चित्रं, घसरगुंडी, आणि भोवती आईबापांसाठी बाकं. एरवी इथल्या गाडीतली शांतता माझ्यासारखीला धाक घालते. पोर जरा मोठ्याने बोललं की आपण ‘शू’ करतो, मग प्रवासभर तेवढंच. या डब्यात मी एकदाही ‘शू’ म्हटलं नाही. दशमी-चटणीचा डबा उघडला आणि निवांत बाहेर पाहत बसले.

झ्युरिक ते बर्न ५६ मिनिटं. हा आकडा ठरवून आणलेला आहे. मोठ्या स्टेशनांवर चहूकडच्या गाड्या पूर्ण तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या थोडं आधी याव्यात आणि लगेच नंतर सुटाव्यात, म्हणजे उतरलेल्याला पुढची गाडी मिळते. त्यासाठी हा टप्पा तासाच्या आत बसायला हवा होता. या योजनेला १९८७ साली लोकांनी सार्वमताने कौल दिला, आणि २००४च्या डिसेंबरात नवा ४५ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. वेग वाढवला तो गाठ पडावी एवढाच. मला या देशातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. पोर कडेवर घेऊन गाडी बदलणाऱ्या बाईला ताशी किती वेग यापेक्षा पुढची गाडी उभी आहे ना, याचीच काळजी असते.

१०.२८ला उतरलो. जुन्या शहरात दुतर्फा दगडी कमानींचे रस्ते, पाऊस आला तरी भिजायला होत नाही. वाटेतल्या कारंजावर सोळाव्या शतकातला एक राक्षस बसलाय, पोतंभर पोरं बाळगून, एक तोंडात. ‘त्याची आई त्याला जेवायला देत नाही?’ लेकीने विचारलं. तिथून जवळच झिटग्लोगं, जुन्या वेशीवरचा घड्याळमनोरा. तासाचे टोल पडायच्या तीन-चार मिनिटं आधी कोंबडा आरवतो, अस्वलांची फेरी फिरते, विदूषक घंटा वाजवतो. हे आधीच असतं, त्यामुळे टोलाला पोचणाऱ्याचं हुकतं. आम्ही वेळेत होतो. अस्वलं पाहून लेक म्हणाली, ‘आता खरी.’

आरे नदीच्या उतारावर खरी अस्वलं आहेत. अस्वल हे बर्नचं चिन्ह. पूर्वी ती दगडी खड्ड्यात ठेवत, २००९पासून त्यांना नदीकाठची मोकळी जागा मिळाली. एक अस्वल पाण्यात उतरलं, पंजाने पाणी उडवलं, डोकं बुडवून वर आलं. लेकीने कठड्याच्या गजांत नाक खुपसलं ते काढेचना. २.३२ची गाडी धरायची तर तेव्हाच निघायला हवं होतं. मी घड्याळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तिथेच पायरीवर बसले. पुढची ३.०२ला होती. अस्वल पुन्हा पाण्यात उतरत होतं.