गोल चिन्हांचे कूळ

लखनौमध्ये बड्या इमामबाड्याच्या आणि कैसरबागेच्या दरवाजांवर माशांची जोडी दिसते. अवधच्या नवाबांचे ते चिन्ह. नवाबी लयास गेली, तरी उत्तर प्रदेशाच्या राज्यचिन्हात मासे टिकून आहेत. एकाच घराण्याच्या वास्तूंवर एकच चिन्ह असावे, यात नवल नाही. नवल वाटते ते संगणकावरील ब्राउझरांचे. परस्परांचे प्रतिस्पर्धी असूनही त्यांची चिन्हे बहुधा गोलच!

याचे मूळ पृथ्वीच्या गोलात आहे. १९९३ सालच्या मोझॅकने फिरता गोल दाखविला, कारण जगभर पसरलेल्या जाळ्याची कल्पना त्यावरून चटकन कळे. पुढे नावेही प्रवासाचीच आली : नेव्हिगेटर, एक्स्प्लोरर, सफारी. सफारीने २००३ मध्ये होकायंत्र घेतले. २००४ च्या फायरफॉक्सचा कोल्हा निळ्या गोलाला विळखा घालून बसला. २००८ च्या क्रोममध्ये पृथ्वी नाहीशी झाली, गोल मात्र उरला. नवागताला तो सोयीचाच, कारण पाहताक्षणी वस्तू कोणती हे उमगते. ती कोणाची हे सांगण्याचा भार मात्र बराचसा रंगावर पडतो, आणि ज्याला रंग नीट ओळखू येत नाहीत त्याची अडचण होते.