बर्फावरील हॉकी खरोखर मवाळ झाली आहे काय?

उत्तर अमेरिकेतील ज्या रसिकांनी आयुष्याची तीस-चाळीस वर्षे बर्फावरील हॉकीच्या प्रेमात घालविली, ज्यांनी माँट्रियल, टोरांटो, बोस्टन वा फिलाडेल्फिया येथील क्रीडागृहांत वडिलांच्या शेजारी बसून हा खेळ प्रथम पाहिला आणि पुढे आपल्या मुलांनाही तो दाखविला, त्यांच्या मनात अलीकडे एक खंत घर करून राहिली आहे. आपल्या तारुण्यातील तो रांगडा आणि निधड्या छातीचा खेळ आता उरला नाही, नियम करणाऱ्यांनी त्यातील पुरुषार्थ काढून घेतला, आणि जे शिल्लक राहिले ते केवळ वेगाचे प्रदर्शन आहे, असे त्यांस वाटते. ही खंत प्रामाणिक आहे, आणि तिची हेटाळणी करणे अन्यायाचे होईल. परंतु प्रामाणिक भावनेच्या आश्रयाने काही चुकीच्या समजुतीही नांदू लागतात, आणि त्या समजुतींमुळेच या जुन्या रसिकांना आजच्या खेळातील आनंद पारखा होतो. म्हणून त्यांची शहानिशा करणे अगत्याचे आहे.

मराठी वाचकाला परिचित असलेल्या मैदानी हॉकीत प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला अंग भिडविणे हा दोष मानला जातो. बर्फावर मात्र पक नावाची रबरी चकती ज्याच्या ताब्यात आहे, त्याला खांद्याने वा कमरेने धडक देऊन त्या चकतीपासून अलग करणे, ज्यास तेथे चेक म्हणतात, हे नियमसंमत कौशल्य आहे. याखेरीज, १९१७ साली माँट्रियल येथे स्थापन झालेल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजेच एनएचएलमध्ये, हातमोजे टाकून देऊन दोघा खेळाडूंनी एकमेकांशी मुष्टियुद्ध करण्याची जुनी वहिवाट आहे, आणि त्याबद्दल त्यांना सामन्यातून हाकलून न देता पाच मिनिटे बाहेर बसविण्यात येते. कुस्तीच्या आखाड्यात डाव निराळा आणि हातघाई निराळी, तसाच भेद येथे धडक आणि मुष्टियुद्ध यांत आहे. तो ध्यानी ठेवला म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल.

गैरसमज पहिला: खेळातील शरीरसंघर्ष नामशेष झाला आहे

वस्तुस्थिती अशी की, जे ओसरले ते मुष्टियुद्ध होय, धडक नव्हे. २००८-०९ च्या हंगामात एनएचएलच्या १,२३० सामन्यांत मिळून सातशेहून अधिक मुष्टियुद्धे झाली होती. दहा वर्षांनंतर, २०१८-१९ च्या हंगामात, ती संख्या अडीचशेच्याही खाली आली. ही घट मोठी आहे, आणि जुन्या रसिकाच्या डोळ्यांना ती जाणवली यात नवल नाही. परंतु धडकांची दप्तरी नोंद पाहिली तर चित्र पालटते. एका हंगामात एकाच खेळाडूने दिलेल्या धडकांचा २०१४-१५ मधील मॅट मार्टिनचा ३८२ हा उच्चांक २०२३-२४ मध्ये जेरेमी लॉझन याने ३८३ धडका देऊन मोडला, आणि लगेच पुढल्या वर्षी व्हँकूव्हरच्या कीफर शेरवुड याने ४६२ पर्यंत मजल मारून तोही मागे टाकला. ज्या युगाला मवाळ म्हणून दूषण दिले जाते, त्याच युगात हे उच्चांक प्रस्थापित झाले आहेत.

मुष्टियुद्धाला एनएचएलमध्ये मज्जाव झाला आहे, हीही समजूत निराधार आहे. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी माँट्रियल येथे, एनएचएलनेच भरविलेल्या चार राष्ट्रांच्या स्पर्धेत, कॅनडा आणि अमेरिका यांच्या सामन्याच्या पहिल्या नऊ सेकंदांत तीन मुष्टियुद्धे झाली, ही घटना फार जुनी नाही.

गैरसमज दुसरा: पूर्वी खेळ मुक्त होता, निर्बंध ही अलीकडच्या कचेऱ्यांची देणगी आहे

या समजुतीला इतिहासाचा आधार मुळीच नाही. १९०५ साली ऑन्टारिओ प्रांतात अल्सीद लोरँ आणि १९०७ साली त्याच प्रांतात ओवेन मॅकोर्ट हे तरुण खेळाडू बर्फावरील हाणामारीत झालेल्या जखमांनी मृत्यू पावले, त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांवर न्यायालयात खटले चालले, आणि दोन्ही आरोपी निर्दोष सुटले असले तरी, खेळाला मर्यादा कोठे घालावी हा प्रश्न तेव्हापासूनच समाजापुढे उभा आहे. एनएचएलने १९२२ साली मुष्टियुद्धास पाच मिनिटांची शिक्षा ठरविली. १९२५ साली कॅनडाच्या गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी बिंग यांनी सभ्य आणि कौशल्यपूर्ण खेळासाठी एक चषक अर्पण केला, जो आजतागायत दिला जातो. म्हणजे हा खेळ अधिक सौजन्याने खेळला जावा ही इच्छा शंभर वर्षांची झाली आहे.

पुढील काही प्रमुख तरतुदी कोणत्या ना कोणत्या आपत्तीच्या पाठोपाठ आल्या आहेत. डिसेंबर १९३३ मध्ये बोस्टन येथे एडी शोर याने मागून पाडल्यामुळे टोरांटोच्या एस बेली याची कवटी फुटली आणि त्याची खेळाची कारकीर्द कायमची संपली. जानेवारी १९६८ मध्ये मिनेसोटाचा बिल मास्टरटन, ज्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते, बर्फावर आपटून दोन दिवसांनी मरण पावला. तरीही नव्या खेळाडूंना शिरस्त्राण सक्तीचे व्हावयास १९७९ साल उजाडले. दोघांच्या भांडणात पडणाऱ्या तिसऱ्या इसमास बाहेर काढण्याचा नियम १९७१ चा आहे. राखीव बाकावरून सर्वप्रथम उतरून हाणामारीत सामील होणाऱ्यावर कठोर निलंबनाचा नियम १९८७ मध्ये आला, आणि त्यापूर्वी काही महिने माँट्रियल व फिलाडेल्फिया यांच्या खेळाडूंत सामना सुरू होण्याआधीच, सरावाच्या वेळी, सामुदायिक दंगल झाली होती.

१९९२ साली मुष्टियुद्धास चिथावणी देणाऱ्यास सामन्यातून काढून टाकण्याचे कलम आले, आणि अनेक जुने रसिक आजच्या परिस्थितीचे खापर याच कलमावर फोडतात. परंतु ते अंमलात येऊन सोळा वर्षे लोटल्यावरही एका हंगामात सातशेहून अधिक मुष्टियुद्धे होत होती, हे वर सांगितलेच आहे. जो परिणाम कारणानंतर सोळा वर्षे प्रकट होत नाही, त्याचे मूळ अन्यत्र शोधणे भाग आहे.

गैरसमज तिसरा: २००५ च्या नियमांनी खेळाचा कणा मोडला

मुष्टियुद्धे घटण्याचे मूळ बहुतेक २००५ च्या सुमारास सापडते. मात्र जुना रसिक समजतो त्याच्या उलट दिशेने. १९९० च्या दशकात काठीने प्रतिस्पर्ध्याला अडकविणे, त्याचा सदरा धरून ठेवणे, मध्यभागात माणसांची भिंत उभारून आक्रमण गुदमरवून टाकणे, याच डावपेचांचा बोलबाला झाला होता, आणि १९९५ साली न्यू जर्सीच्या संघाने मध्यभाग रोखणाऱ्या शिस्तबद्ध बचावाच्या बळावर एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली चषक जिंकल्यावर तर त्याचे अनुकरण सर्वत्र होऊ लागले. १९८१-८२ च्या सुमारास एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल होत. २००३-०४ पर्यंत ही सरासरी पाचाच्या आसपास उतरली. मालक आणि खेळाडू यांच्यातील आर्थिक तंट्यामुळे २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला, आणि खेळ पुन्हा सुरू होताना अडवणुकीच्या जुन्याच नियमांचा अंमल काटेकोर करण्यात आला, दोन रेषा ओलांडणाऱ्या लांब पासास मुभा मिळाली, आणि गोलांची सरासरी सहापर्यंत चढली.

या सुधारणेने धरपकड हटविली, धडक नव्हे. आणि मोकळ्या झालेल्या बर्फावर वेग वाढल्यामुळे जी धडक बसते ती पूर्वीहून अधिक जोराची असते. त्याच वर्षी संघांच्या वेतनखर्चावर कमाल मर्यादा, ३ कोटी ९० लक्ष डॉलर, घालण्यात आली. जो माणूस केवळ मारामारीसाठी दोन-चार मिनिटे बर्फावर उतरतो, त्याच्यावर पगार आणि संघातील एक जागा खर्च करणे आता व्यवस्थापकास परवडेनासे झाले, कारण संघाच्या शेवटच्या, म्हणजे चौथ्या, फळीलाही त्या वेगात स्केटिंग करता येणे आवश्यक बनले. अशा प्रकारे एनफोर्सर म्हणून ओळखला जाणारा वर्ग कोणत्याही हुकुमावाचून हळूहळू लोपला.

गैरसमज चौथा: दांडगाईने चषक जिंकता येतो

याच्या पुष्टीसाठी १९७४ आणि १९७५ या दोन वर्षी स्टॅन्ली चषक जिंकणाऱ्या फिलाडेल्फिया फ्लायर्सचा दाखला हमखास दिला जातो. त्या संघाची दहशत खरीच होती. १९७४-७५ च्या हंगामात त्यांच्या डेव्ह शुल्ट्झने शिक्षेची ४७२ मिनिटे बाहेर काढली, आणि तो उच्चांक आजही अबाधित आहे. परंतु दोन्ही वर्षी बाद फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला तो गोलरक्षक बर्नी पॅरेंट याला, आणि संघाचा प्राण होता तो बॉबी क्लार्क, जो तीन वेळा संपूर्ण लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू ठरला. १९७६ च्या अंतिम मालिकेत पॅरेंट गोलात नव्हता, शुल्ट्झ आणि त्याचे साथीदार होते. आणि गी लाफ्लरसारख्या चपळ, कुशल खेळाडूंच्या माँट्रियलने फिलाडेल्फियाचा चार सामन्यांत चार वेळा पराभव केला. माँट्रियलने त्यानंतर आणखी तीन वर्षे तो चषक सोडला नाही. धाक हा कौशल्याचा सहायक होऊ शकतो, पर्याय होऊ शकत नाही, हाच त्या काळाचाही धडा आहे.

गैरसमज पाचवा: एनफोर्सर असले की इतर खेळाडू सुरक्षित राहतात

या समजुतीत भावनेचा अंश फार मोठा आहे, कारण महान खेळाडू वेन ग्रेट्झ्कीच्या पाठीशी उभा राहणारा डेव्ह सेमेंको जुन्या रसिकाच्या स्मृतीत निष्ठेचे मूर्तिमंत प्रतीक होऊन राहिला आहे. तथापि मुष्टियुद्धाने हिशेब चुकता होतो आणि मोठा अनर्थ टळतो, या सिद्धांताची कठोर परीक्षा ८ मार्च २००४ रोजी व्हँकूव्हर येथे झाली. कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरने काही आठवड्यांपूर्वी व्हँकूव्हरच्या कर्णधारास धडक देऊन जखमी केले होते. त्याबद्दल त्या दिवशी पहिल्याच सत्रात व्हँकूव्हरच्या एका खेळाडूचे मूरशी मुष्टियुद्ध झाले, म्हणजे अलिखित संहितेनुसार ऋण फिटले. तरीही तिसऱ्या सत्रात व्हँकूव्हरच्याच टॉड बर्टुझीने त्याच्यावर मागून प्रहार केला, मूरच्या मानेचे मणके मोडले, आणि तो एनएचएलमध्ये पुन्हा कधीही खेळू शकला नाही.

आणि या रक्षणाची किंमत खुद्द रक्षकांनी काय मोजली, हा प्रश्न तर अधिकच गंभीर आहे. एनफोर्सर म्हणून खेळलेला डेरेक बूगार्ड मे २०११ मध्ये, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी, मद्य आणि वेदनाशामक औषधे यांच्या एकत्रित सेवनाने मरण पावला, आणि बोस्टन विद्यापीठातील संशोधकांना त्याच्या मेंदूत वारंवार आघातांशी निगडित अशा ऱ्हासकारी विकाराच्या खुणा आढळल्या. तशाच खुणा त्याच्याआधी बॉब प्रोबर्टच्या मेंदूतही आढळल्या होत्या. ज्यांच्या नावाचा जयघोष सारे क्रीडागृह करीत असे, त्यांच्याविषयीचे आपले प्रेम खरे असेल, तर त्यांच्या वारसांना तेच भोग न यावेत अशी इच्छा धरणे हे त्या प्रेमाचेच कर्तव्य ठरते. मार्च २०१० मध्ये खेळाडूला न दिसणाऱ्या बाजूने त्याच्या डोक्यावर दिलेल्या धडकेस मनाई करण्यात आली आणि पुढील वर्षी ती मनाई अधिक व्यापक झाली, ती याच जाणिवेतून. त्या वर्षी सिडनी क्रॉस्बीसारखा अग्रगण्य खेळाडू मेंदूच्या आघातामुळे अर्धा हंगाम घरी बसला होता.

गैरसमज सहावा: लहानपणी धडक शिकविली नाही तर मुले दुबळी निघतात

कॅनडात हा वाद घराघरांत झाला आहे. ११-१२ वर्षांच्या वयोगटात अल्बर्टा प्रांतात धडकेस परवानगी होती आणि क्वेबेकमध्ये नव्हती, या योगायोगाचा लाभ घेऊन केलेले संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात अल्बर्टातील मुलांना मेंदूच्या आघाताचा धोका तिपटीहून अधिक असल्याचे दिसून आले. त्याच दोन प्रांतांतील पुढील वयोगटातील मुलांचा अभ्यास केला असता, लवकर धडक शिकलेल्यांना आघातांपासून एकंदरीत विशेष संरक्षण मिळाले नाही; दीर्घकाळ बसवून ठेवणाऱ्या दुखापती मात्र त्यांच्यात काहीशा कमी होत्या, हे जुन्या मताच्या बाजूनेही नमूद केले पाहिजे. हॉकी कॅनडा या संस्थेने २०१३ पासून या वयोगटात धडकेस मनाई केली. यात धडक शिकविण्यास विरोध नसून, ती योग्य वयात शिकवावी एवढाच आग्रह आहे.

उलट, जेथे ही कला नव्हती तेथे ती आता येत आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९९० च्या जागतिक स्पर्धेनंतर महिलांच्या आंतरराष्ट्रीय हॉकीत धडक वर्ज्य ठरली होती. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या महिलांच्या नव्या व्यावसायिक लीगने मात्र अंगाला अंग भिडविण्यास पुष्कळ अधिक वाव दिला, आणि तिच्या सामन्यांना प्रेक्षकांनी उदंड प्रतिसाद दिला.

जुन्या रसिकाने काहीच गमावले नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. हातमोजे बर्फावर पडताच सर्व प्रेक्षक एकदम उठून उभे राहण्याचा तो क्षण विरळ झाला आहे, आणि प्रत्येक संघात जो एक लाडका रांगडा गडी असे, त्याची जागा रिकामी आहे. परंतु त्या गड्याच्या ठायी रसिकाने ज्या गुणावर जीव लावला होता, तो गुण म्हणजे स्वतःच्या देहाची तमा न बाळगता सहकाऱ्यासाठी पुढे होणे. आणि तो आजही, विशेषतः एप्रिलपासूनच्या बाद फेरीत, ज्याला पाहावयाचा आहे त्याला पदोपदी दिसतो. ताशी शंभर मैलांच्या आसपास वेगाने येणाऱ्या चकतीसमोर जो आडवा होतो, धडक बसणार हे ठाऊक असूनही जो पास पुरा करूनच ती झेलतो, कठड्यालगत दोघांच्या कोंडीतून जो चकती सोडवून आणतो, त्याचे धैर्य मुठी उगारणाऱ्याच्या धैर्याहून रतिभरही उणे नाही. हे धैर्य ओळखण्याची नजर दीर्घ सहवासाने येते, आणि ती ज्यांच्यापाशी आहे त्या जुन्या जाणत्या रसिकांनीच नव्या प्रेक्षकांस ती दिली पाहिजे; खेळाविषयी खंत करीत बसण्यापेक्षा त्यांच्या हातून घडणारी खेळाची ही सेवा अधिक मोलाची आहे.